मद्यपानाचा अभ्यास आणि सुट्टीचे दोन महिने

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. अशा प्रसंगी वक्त्याने विद्यार्थ्यांना परिश्रमाचे महत्त्व सांगावे, पालकांचे अभिनंदन करावे व खाली बसावे, असा प्रघात आहे. अभिनंदन आम्ही मनःपूर्वक करतो. परंतु उरलेला वेळ आम्ही अशा एका विषयासाठी मागून घेणार आहोत, की ज्याचे नाव आपल्या सभांतून सहसा घेतले जात नाही आणि आपल्या घरांतून मात्र पुष्कळदा हलक्या आवाजात घेतले जाते. तो विषय म्हणजे मद्यपान; आणि त्यातही, मद्यपानाचा शास्त्रीय अभ्यास करू इच्छिणाऱ्या पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत करावयाची संशोधनाची उमेदवारी. हल्लीची मुले हिला 'इंटर्नशिप' म्हणतात. आपल्याला मात्र उमेदवारी हा शब्द परका नाही. वकिलाच्या कचेरीत, वैद्याच्या दवाखान्यात, एखाद्या पेढीवर आपल्या वाडवडिलांना कोणी तरी उमेदवार म्हणून उभे केले, म्हणूनच आज आपण या सभागृहात मानाने बसलो आहोत.

या विषयाला एक निमित्तही आहे. आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीकडे यंदा एका विद्यार्थिनीचा अर्ज आला. मानसशास्त्र हा विषय घेऊन ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्गात शिकत आहे. परगावच्या एका व्यसनोपचार केंद्रात दोन महिने राहून तिला संशोधनाचे काम शिकावयाचे आहे आणि त्यासाठी प्रवासखर्च व राहण्याची सोय एवढीच तिची मागणी आहे. या अर्जावर समितीत मतभेद झाला. दारूच्या अभ्यासाला ज्ञातीचा पैसा द्यावा काय? मुलीला असल्या ठिकाणी धाडावे काय? उद्या सोयरिकीच्या वेळी याची चर्चा होणार नाही काय? असे प्रश्न निघाले आणि अर्ज राखून ठेवण्यात आला. प्रश्न विचारणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तथापि त्या प्रश्नांना उत्तरे आहेत, आणि ती सर्व सभासदांपुढे मांडली जावीत असे आम्हांस वाटते.

मद्यपानाविषयी आपल्या समाजात दोनच रीती रूढ आहेत. एक मौनाची आणि दुसरी उपदेशाची. घरचा माणूस पीत असेल तर मौन, शेजारचा पीत असेल तर उपदेश. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या छापील अर्जात 'व्यसन' असा एक रकाना आहे. तो आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यात 'नाही' याखेरीज दुसरा शब्द लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. आपली ज्ञाती खरोखरीच इतकी निर्व्यसनी असती तर लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी रडतकढत सल्ला मागावयास येणाऱ्या लेकी कोठून आल्या असत्या? त्या रकान्याने आजवर एकही संसार वाचविलेला नाही. त्याने फक्त आपल्याला खोटे लिहिण्याची सवय लावली.

उपदेशाचेही तसेच आहे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून शंभरांहून अधिक वर्षे आपण सिंधूसाठी डोळे पुसत आलो, तळीरामाला हसत आलो, आणि सुधाकराकडे मात्र आपल्या कर्माची फळे भोगणारा माणूस म्हणून पाहत आलो. पहिला प्याला आणि शेवटचा प्याला यांच्यामध्ये जो काळ जातो त्यात या हुशार वकिलाच्या शरीरात व मनात काय घडत होते? कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या हाताने ते थांबविता आले असते? नाटककाराने याचे उत्तर द्यावे अशी अपेक्षा नाही. तो शास्त्राचा प्रश्न आहे. मौन आणि उपदेश यांच्या पलीकडची तिसरी रीत ती हीच. शांतपणे विचारणे, काटेकोरपणे मोजणे आणि जे आढळेल ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे.

प्रश्नाचा आवाका किती मोठा आहे हे आकड्यांवरून कळेल. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने म्हणजे एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकसंख्येपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे मद्य घेतात, असे त्या पाहणीत आढळले. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के होते. यांपैकी सुमारे ५.७ कोटी माणसांचे पिणे मदतीची गरज लागावी इतके अपायकारक झालेले होते. आणि मद्यावाचून ज्यांचे चालतच नाही अशा अडतीस माणसांमागे जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळालेला होता. उरलेल्या सदतिसांच्या घरी काय चालले असेल, याची कल्पना करण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची आवश्यकता नाही.

पाश्चात्त्य देशांनाही ही तिसरी रीत सहजासहजी सापडली नाही. अमेरिकेत १९२० साली देशव्यापी दारूबंदी आली आणि १९३३ साली ती उठली. बंदीचे पुरस्कर्ते व विरोधक एकमेकांशी कडाडून भांडले. परंतु एक माणूस दोन घोट घेऊन थांबतो आणि दुसऱ्याला थांबता येत नाही असे का व्हावे, याचे उत्तर दोन्ही पक्षांकडे नव्हते. पुढे येल विद्यापीठातील काही शास्त्रज्ञांनी हा प्रश्न व्यासपीठावरून उचलून अभ्यासाच्या मेजावर ठेवला. १९४० साली मद्यविषयक संशोधनास वाहिलेले एक त्रैमासिक निघाले आणि १९४३ साली ई. एम. जेलिनेक यांच्या नेतृत्वाखाली तेथे मद्याच्या अभ्यासाचा पहिला उन्हाळी वर्ग भरला. त्या वर्गाला शिक्षक आले, समाजसेवक आले, धर्मोपदेशक आले आणि दारूबंदीचे कार्यकर्तेही आले. शाळा-महाविद्यालयांना सुट्टी असते तोच काळ या अभ्यासासाठी योजावा, ही कल्पना अशी जुनी आहे. येलचे हे केंद्र १९६२ साली न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात गेले, आणि १९७० साली अमेरिकन सरकारने मद्यपानाच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र राष्ट्रीय संस्थाच स्थापन केली.

तेथील विद्यापीठांत पदवीपूर्व विद्यार्थ्याला उन्हाळ्यात साधारण आठ-दहा आठवडे एखाद्या संशोधकाच्या हाताखाली घेण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. काही ठिकाणी विद्यावेतनही मिळते. तथापि सरकारी पैशावर चालणाऱ्या बहुतेक योजना त्या देशाच्या नागरिकांसाठी वा कायमच्या रहिवाशांसाठी असतात. त्यामुळे परदेशस्थ ज्ञातिबांधवांच्या मुलांना ती वाट मोकळी आहे. येथील मुलांनी मात्र प्रथम आपल्या देशातील वाटा शोधाव्यात. त्या कोणत्या हे आम्ही पुढे सांगू. तत्पूर्वी ही उमेदवारी करणारा विद्यार्थी दोन महिन्यांत प्रत्यक्ष शिकतो तरी काय, हे पाहणे आवश्यक आहे. कारण पालकांच्या मनातील बरीचशी भीती अपरिचयातून आलेली आहे.

पहिला धडा मोजमापाचा असतो. 'थोडीशी घेतो' म्हणजे किती? भाषेत थोडीशी असते, शास्त्रात ती ग्रॅममध्ये असते. आपल्याकडील व्हिस्की, रम वगैरे मद्यांत साधारणतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. या हिशेबाने ३० मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. आता आठ टक्के तीव्रतेच्या बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली घ्या. तिच्यात सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो. अर्थात 'मी दारूला शिवत नाही, फक्त एक बिअर घेतो' असे आईला सांगणारा मुलगा प्रत्यक्षात चार पेग घेऊन उठलेला असतो. हे गणित शाळेतील त्रैराशिकाहून कठीण नाही. परंतु ते मांडावयाचे असते हेच आपल्याला ठाऊक नसते.

दुसरा धडा प्रश्न विचारण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील अभ्यासाच्या आधारे दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आहे. 'ऑडिट' या नावाने ती जगभर ओळखली जाते. किती वेळा घेता, एका वेळी किती घेता, सुरू केल्यावर थांबता येत नाही असे घडते काय, आदल्या रात्रीचे आठवेनासे होते काय, सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते काय, घरच्यांनी वा डॉक्टरांनी काळजी व्यक्त केली आहे काय, अशा प्रकारचे ते प्रश्न आहेत. उत्तरांना गुण असतात आणि त्यांची बेरीज शून्य ते चाळीस यांच्या दरम्यान येते. साधारणतः आठ वा त्याहून अधिक बेरीज आली तर सावधगिरीचा इशारा समजावा. प्रश्न सोपे आहेत. पण ते कपाळाला आठी न घालता, आवाजात धाक वा कीव न आणता विचारणे फार कठीण आहे. ही साधना विद्यार्थ्याला करावी लागते. आमच्या मते जो विद्यार्थी हे शिकला त्याने अर्धे शिक्षण पुरे केले.

तिसरा धडा आठवणीचा. गेल्या महिन्यात किती घेतली असे एकदम विचारले तर कोणालाही नीट सांगता येत नाही. म्हणून लिंडा व मार्क सोबेल या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने दिनदर्शिकेची पद्धत विकसित केली. समोर दिनदर्शिका मांडावयाची, तीत सण, पगाराचा दिवस, बाजारचा दिवस, घरातील लग्नकार्य यांच्या खुणा करावयाच्या आणि त्यांच्या आधाराने एकेक दिवस मागे जात त्या दिवशी किती घेतली ते लिहावयाचे. सणवारांवरून दिवस आठवण्याची ही रीत आपल्या आजीबाईंना नवी वाटणार नाही. पिठोरी अमावास्येला पोर आजारी पडले आणि गौरींच्या आदल्या दिवशी उठून बसले, असाच हिशेब त्या ठेवीत. शास्त्राने त्या हिशेबाला शिस्त लावली, इतकेच.

ज्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे वा जीवशास्त्राकडे असेल त्यांच्यासाठी प्रयोगशाळेचे दार उघडे आहे. यकृतातील एक विकर मद्यार्काचे अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर करते आणि दुसरे विकर त्या द्रव्याचा निकाल लावते. या दुसऱ्या विकराला अडविणारे डायसल्फिराम नावाचे औषध आहे. त्याचा हा गुण १९४८च्या सुमारास डेन्मार्कमधील संशोधकांनी जगापुढे मांडला. हे औषध घेणाऱ्याने मद्य घेतले तर विषारी द्रव्य साचून चेहरा लाल होतो, छाती धडधडते, वांत्या होतात, प्रसंगी रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरतो. म्हणूनच ते रुग्णाच्या पूर्ण संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. आणि आपल्याकडे काय चालते? 'न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात वाचून कोणी तरी पूड मागविते आणि ती भाजीत कालवून वाढली जाते. त्या पुडीत काय आहे हे वाढणारीलाही ठाऊक नसते. प्रयोगशाळेतील विकराचा धडा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत असा येऊन भिडतो.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट प्रत्येक उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात शिकविली पाहिजे, आणि ती आज येथे जमलेल्या प्रत्येक कुटुंबानेही ध्यानात ठेवावी अशी आमची विनंती आहे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांतच फेफऱ्यासारखे झटके येतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. 'खोलीत चार दिवस कोंडून ठेवा, आपोआप सुटेल' हा आपल्याकडील शहाणपणाचा सल्ला म्हणूनच अत्यंत धोक्याचा आहे. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. एखाद्या विद्यार्थ्याने दोन महिन्यांत दुसरे काहीही न शिकता एवढे एकच सत्य आपल्या आळीत येऊन सांगितले, तरी त्याच्यावर झालेला खर्च सत्कारणी लागला असे आम्ही म्हणू.

कोणी विचारील, हे सर्व मोजून आणि विचारून शेवटी साधते काय? याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून आले आहे. तेथे १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. ऑडिट प्रश्नावलीत १२ ते १९ गुण पडलेले ३७७ पुरुष तीत सहभागी झाले. हे लोक पिण्याने अपाय करून घेत होते, परंतु पूर्ण आहारी गेलेले नव्हते. आपल्या नाटकाच्या भाषेत सांगावयाचे तर हे मधल्या अंकातले सुधाकर होत. त्यांतील निम्म्यांना नेहमीची पण थोडी सुधारलेली वैद्यकीय सेवा मिळाली आणि निम्म्यांना तिच्या जोडीला समुपदेशन मिळाले. समुपदेशन करणारे कोणी मोठे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी पाहता समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचे मद्यपान अपायाच्या मर्यादेखाली आलेले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. गेल्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ व १८ टक्के भरले. 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हे निष्कर्ष छापून आले. दहा जणांमागे एकाची अधिक सुटका झाली, हा आकडा कोणास लहान वाटेल. पण तो एक ज्या घरचा कर्ता पुरुष असेल, त्या घराला विचारा.

ही चाचणी कोणाच्या बळावर उभी राहिली? प्रश्नावली भरून घेणारे, दिनदर्शिकेवर खुणा करणारे, तीन महिन्यांनी त्याच माणसाचे घर पुन्हा शोधून काढणारे हात होते, म्हणून हा आकडा जगाला मिळाला. उमेदवार विद्यार्थी हेच काम शिकतो. दोन महिन्यांत कोणी मोठा शोध लावीत नाही, आणि लावील अशी आशा दाखविणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दोन महिन्यांच्या अखेरीस बहुधा एक लहानसे कोष्टक हाती येते. परंतु ते खरे असते. आपल्या सोयरिकीच्या रकान्यापेक्षा कितीतरी खरे असते.

आता वाटांविषयी. वैद्यकीय व दंतवैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली दोन महिन्यांच्या अल्पकालीन संशोधनाची विद्यार्थिवृत्ती सुरू केली. तिच्यासाठी विद्यार्थ्याने स्वतःच्या महाविद्यालयातील मार्गदर्शकाच्या साहाय्याने विषय ठरवून प्रस्ताव पाठवावयाचा असतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी बंगळूर, नवी दिल्ली व प्रयागराज येथील तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्तीची योजना चालविली आहे. मद्यपान हा या योजनांचा ठरीव विषय नव्हे; पण योग्य मार्गदर्शक मिळाला तर तो विषय घेण्यास आडकाठीही नाही. मानसशास्त्र, समाजकार्य, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र घेतलेल्यांनी ज्या संस्थांचे कार्य या क्षेत्रात मान्यता पावलेले आहे त्यांच्याकडे पत्राने विचारणा करावी. बंगळूरच्या निमहान्समध्ये व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. एम्सचे राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र गाझियाबादला आहे. गोव्याच्या 'संगाथ'चा उल्लेख वर आलाच. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेले 'मुक्तांगण' आहे. पत्र पाठविले की जागा मिळालीच असे कोणी समजू नये. कोणत्या संशोधकाचे कोणते काम आपण वाचले आहे आणि आपणांस त्यातून काय शिकावयाचे आहे, हे ज्या पत्रात चार ओळींत स्पष्ट लिहिलेले असते, त्याच पत्राला उत्तर येण्याचा संभव अधिक. आणि ही हालचाल हिवाळ्यातच करावी. मार्च उजाडल्यावर धावपळ करणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

विद्यार्थ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, समोरचा माणूस आपल्याला जे सांगतो ती त्याची ठेव आहे. त्याची लेखी संमती घेतल्याखेरीज एकही प्रश्न विचारू नये, आणि त्याचे नाव आपल्या आईवडिलांजवळही उच्चारू नये. संशोधनसंस्थांत नीतिविषयक समित्या असतात, त्या याच कारणासाठी. दुसरी सूचना नाजूक आहे. आपल्याच घरचे दुःख पाहून एखादा विद्यार्थी वा विद्यार्थिनी या अभ्यासाकडे वळेल. त्यात कमीपणा काहीच नाही. किंबहुना अशा मनाला या विषयाची कळकळ अधिक असेल. परंतु त्याने हे ओळखून असावे, की आपले वडील वा भाऊ हा आपल्या संशोधनाचा नमुना नव्हे. त्यांच्यासाठी डॉक्टर आहेत. घरचे ओझे एकट्याने उचलण्यासाठी हा अभ्यास नाही. मन जड झाले तर ते मार्गदर्शकाला मोकळेपणाने सांगावे.

आता समितीत निघालेल्या प्रश्नांकडे वळू. दारूचा अभ्यास करणारी मुले दारूला लागतील, ही भीती आम्हांस निराधार वाटते. मोहाचे ठिकाण कोणते? मित्राच्या लग्नाची आदली रात्र, नोकरीच्या पहिल्या पगाराची मेजवानी, वसतिगृहाची गच्ची. व्यसनोपचार केंद्रातील सकाळ हे मोहाचे ठिकाण खचित नव्हे. मुलीच्या सोयरिकीबद्दल म्हणावे तर, थरथरणारे हात कशामुळे थरथरतात हे जिला ओळखता येते, अशी मुलगी कोणत्याही घराला लाभावी. आणि जे घर तिच्या या ज्ञानाला भीत असेल, त्या घरी तिला द्यावे की नाही याचा विचार तिच्या वडिलांनी करावा. ज्ञातीच्या नावाचा प्रश्न उरला. एका प्रश्नाकडे डोळे उघडून पाहणारी ज्ञाती असे आपल्याला कोणी म्हटले, तर त्याने आपले नाव जाईल की होईल, हे आपणच ठरवावे.

शेवटी आमच्या तीन सूचना आहेत आणि त्या चालकांनी सर्वसाधारण सभेपुढे ठेवाव्यात अशी विनंती आहे. एक, राखून ठेवलेला अर्ज मंजूर करावा, आणि पुढे प्रतिवर्षी साहाय्यक निधीतून दोन विद्यार्थ्यांना अशा उमेदवारीसाठी प्रवासखर्च व भोजनखर्च द्यावा. अट एवढीच, की मार्गदर्शकाचे पत्र अर्जाला जोडलेले असावे आणि परत आल्यावर विद्यार्थ्याने, कोणाचेही नाव न येऊ देता, आपल्या कामाचा वृत्तांत या स्मरणिकेसाठी लिहून द्यावा. दोन, बंगळूर, दिल्ली, पुणे व गोवा येथील ज्ञातिबांधवांनी या मुलांसाठी दोन महिने घरातली एक खोली द्यावी. आपल्या आजोबांच्या पिढीतील कितीतरी मुले मुंबईत कोणा ना कोणा ज्ञातिबांधवाच्या घरी राहून, वार लावून जेवून शिकली. ती रीत आपण विसरलो आहोत, मोडलेली नाही. तीन, वधूवर अर्जातील तो रकाना काढून टाकावा, अथवा तेथे खरे लिहिणाऱ्याला आपण घालवून देणार नाही अशी हमी तरी द्यावी.

या तीन सूचनांना मिळून लागणारा पैसा एका मध्यम लग्नातील मांडवाच्या खर्चाहून अधिक होणार नाही. पैशापेक्षा जे अधिक लागेल ते धैर्य. आज ज्यांनी पारितोषिके स्वीकारली त्या मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहता ते त्यांच्यापाशी आहे असे आम्हांस वाटते. वडीलधाऱ्यांनी त्यांच्या वाटेत उभे राहू नये, एवढेच मागणे आहे.